सेक्टर आठचा आजार

माझ्या रक्ताला थांबायचं कळत नाही. तसं घणसोलीत थांबायचं कुणालाच कळत नाही. रिक्षावाल्यांना नाही, बिल्डरांना नाही, हळदीतल्या डीजेवाल्याला तर नाहीच नाही. पण त्यांना कुणी आजारी म्हणत नाही, मला म्हणतात. आजाराचं नाव हिमोफिलिया. नाव एवढं लांबलचक, की ते धड उच्चारेपर्यंत चांगल्या माणसाचं रक्त तीनदा थांबून होईल.

मी त्याचा बाऊ करत नाही, उलट मिरवतो. मला चावलेला डास पुन्हा उडताना आमच्या गल्लीत कुणी पाहिलेला नाही. पुरे कधी म्हणायचं हेच त्या बिचाऱ्याला समजत नाही. टम्म फुगतो आणि भिंतीवरून घरंगळत खाली येतो. धूर फवारायला माणसं येतात ती आधी मी घरी आहे का विचारतात, आणि असलो तर परत जातात. लहानपणी माझा पहिला दुधाचा दात पडला तेव्हा घरातला कापूस संपला, मग शेजारच्या गादीवाल्याची एक अख्खी डबल बेडची गादी उसवावी लागली. मोठेपणी कोपरखैरण्याच्या एका डेंटिस्टनं माझी दाढ बघायला घेतली, फाईल वाचली आणि दुसऱ्या दिवशी क्लिनिक मोडून मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकलं. खोटं वाटत असेल तर गादीवाल्याला विचारा. तो वारला, पण विचारा.

आता खरं सांगतो. (हे शब्द माझ्या तोंडून निघाले की गावातली माणसं खिसा चाचपतात.) बाहेरच्या कापण्या-खरचटण्याचं एवढं काही नसतं. लोकांना वाटतं, सुई टोचली की मी फुग्यासारखा रिकामा होणार. तसं होत नाही. दाबून धरलं, बर्फ लावला की भागतं. उशिरा भागतं, पण भागतं. वाईट असतं ते आतलं. कुठे काही लागलेलं नसताना सांध्यात रक्त उतरतं. गुडघा नारळाएवढा होतो, चुलीसारखा तापतो आणि पाय ना वाकत ना सरळ होत. मी पोर होतो तेव्हा औषध आजच्यासारखं हाताशी नव्हतं. एकाच गुडघ्यात पुन्हा पुन्हा रक्त उतरलं आणि तो कायमचा आखडला. आता मी चालतो तेव्हा उजवा पाय पुढे जातो आणि डावा मागून येतो, ऑफिसात साहेब आल्यावर क्लार्क येतो तसा.

या लंगडण्याला मी एक मजबूत कारण देऊन ठेवलं होतं. कबड्डी. आमच्या आगऱ्यांच्या गावात कबड्डी म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. शेवटची रेड होती, समोर सात गडी, सातही जण माझ्या डाव्या पायाला लोंबकळले, आणि मी सातांना फरपटत रेषेला हात लावला. पाय गेला, पण पॉइंट आला. हा सामना कधी ठाण्याला झाला, कधी उरणला, एकदा तर मी तो हैदराबादला नेला. अख्ख्या आयुष्यात कबड्डीच्या मैदानावर मी फक्त चटईवर बसून शेंगदाणे खाल्लेत, पण ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?

माझी आय मात्र थापा मारत नाही. ती बोलतेच कमी, आणि बोलते ते आमच्या आगरीत, 'ड'चा 'र' करून. शेजारणींनी विचारलं, पोराला नेमकं काय झालंय, की ती एवढंच सांगायची, "त्याचे रगतान विरजन नाय." बस्स. दूध आहे, भांडं आहे, पण विरजणच नसेल तर दही लागणार कसं? सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हाला फळ्यावर बाण काढून तासभर शिकवलं, ते आयनं एका वाक्यात संपवलं. या विरजणाला डॉक्टर म्हणतात फॅक्टर आठ. माझ्यात तो जवळजवळ नाहीच. म्हणून दवाखान्यातून त्याच्या बाटल्या आणायच्या आणि ठरल्या दिवशी शिरेतून टोचून घ्यायच्या. बाटल्या राहतात आमच्या फ्रीजमध्ये, वर अंडी, खाली बोंबील, मध्ये माझा फॅक्टर. गेली काही वर्षं हे नियमानं चालू आहे, म्हणून तर आज तळोज्याच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो आणि संध्याकाळी नाक्यावर उभा राहून तुमच्यासारख्यांना पिळतो.

मला एकच बहीण, धाकटी. तिला यातलं काही नाही. पण हा आजार मोठा वस्ताद आहे. तो बाईच्या अंगात गुपचूप बसून राहतो आणि तिच्या मुलाच्या अंगात उठतो. डॉक्टरांनी बहिणीला सांगितलं, "तुम्ही कॅरिअर असू शकता. तपासून घ्या." आयनं घाबरून मला विचारलं, "कॅरिअर म्हंजे? जेवनाचा डबा?" मी म्हटलं, तसंच. डब्याला भूक लागत नाही, तो फक्त पोचवतो. बहिणीनं तपासून घेतलं नाही. म्हणाली, "दादा, आत्ताच कळून मी काय करू? लग्न मोडू?"

कारण तिचं लग्न ठरलं होतं. ठरलं म्हणजे तिनंच ठरवलं होतं. मुलगा कोपरखैरण्याचा, मूळ साताऱ्याकडचा, वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. मुलगा सज्जन. इतका, की आपल्या आईसमोर तोंड उघडतो ते फक्त जेवायला. घरात शब्द चालायचा तो आईचा. ठेंगणी बाई, कपाळावर आडवं कुंकू, आवाज असा की मार्केटमधल्या वजनकाट्याचा काटा हलावा. बहीण तिला मम्मी म्हणायची. आणि बहीण माझ्यासारखी नाही, तिला लपवालपवी जमत नाही. लग्नाआधीच तिनं मम्मींच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगून टाकलं, की माझ्या भावाचं रक्त थांबत नाही, आणि त्याच्यात फॅक्टर आठ नाही, आणि ते पुढे मुलांना येऊ शकतं. मम्मी तेव्हा मिक्सरमध्ये चटणी वाटत होत्या. मिक्सर बंद करून म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आपुन काळजी घिऊ."

बहीण घरी येऊन रडली. अशी सासू मिळायला नशीब लागतं, म्हणाली. मला पण भरून आलं. भाषण करणार होतो, आयनं करू दिलं नाही.

लग्नानंतर मात्र मम्मींचं वागणं जरा चमत्कारिक वाटायला लागलं. पोरांनी भाड्यानं फ्लॅट बघितला, छान, हवेशीर, परवडणारा. मम्मींनी पत्ता ऐकला आणि जागेवर नाही म्हणाल्या. बहिणीला दिवस गेले तर म्हणाल्या, भाजीला जायचं तर लांबून वळसा घालून जा, आठ नंबरातनं जायचं न्हाय. डॉक्टरीण बाईंचा दवाखाना बदलायला लावला. बहिणीला वाटलं, कुणीतरी वास्तूचं खूळ डोक्यात भरवलं असेल. बाळंतपण जवळ आलं, तशी ती आमच्याकडे घणसोलीला आली आणि तो विषय तिथेच राहिला.

मुलगा झाला. मुलगी झाली असती तर आम्ही सगळे निवांत झोपलो असतो, पण मुलगा झाला, गुलाबी, टकला, माझ्यासारखाच आडदांड ओरडणारा. दवाखान्यात सगळं आधी सांगून ठेवलेलं होतं, त्यामुळे त्यांनी पोराला सुयाबिया टोचल्या नाहीत, आणि नाळेतलं रक्त काढून तपासायला पाठवलं. आणि तिथून उत्तर काय आलं? नमुन्यात गुठळी झाली आहे, तपासता येत नाही, पुन्हा पाठवा.

आय टुणकन उठली. "गोठला! त्याचा रगत गोठला! म्हंजे पोर बरा हाय!"

आमच्या घरात रक्त गोठल्याचा असा आनंद यापूर्वी कुणी केला नव्हता. मी पेढे आणायला चप्पल घातली पण. डॉक्टरांनी फोनवर सगळ्याचा विचका केला. म्हणाले, नळीतलं रक्त पातळ ठेवणारं औषध नीट मिसळलं नाही की असं होतं, त्यावरून काही ठरत नाही, थोडं मोठं झालं की पुन्हा घेऊ. पुन्हा घेतलं. त्याचा रिपोर्ट बारशानंतर येणार होता.

आणि बारशाला मम्मी सोनार घेऊन येणार होत्या.

त्यांच्यात बारशाच्या दिवशीच पोराचे कान टोचायची रीत. मामानं मांडीवर घ्यायचं, सोनारानं सोन्याची तार घालायची. निरोप आला तसा बहिणीचा चेहरा उतरला. "बघ ना दादा. त्यांना सगळं माहितीये, तरी हट्ट करतायत. रिपोर्ट येईपर्यंत थांबायला काय होतं? मी बोलले तर म्हणतील, सुनेनं पहिल्याच कार्याला मोडता घातला. तू मामा आहेस. काहीही कर. पण त्याला टोचू देऊ नको."

काहीही कर म्हटलं की मी फुलतो. म्हटलं, तू बिनघोर राहा, मी मम्मींना दोन मिनिटांत गुंडाळतो.

बारसं दणक्यात झालं. आमच्या पुढच्या खोलीत पाळणा, साताऱ्याकडून एक टेम्पो भरून पाहुणे, आमच्या गल्लीतल्या बायका, आणि आयनं पहाटेपासून रांधलेलं एवढं, की वासानं आमचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आपोआप नातेवाईक झाले. त्या दिवशी धावपळ होणार म्हणून आयनं मला सकाळी बळंबळं खाली बसवून फॅक्टरचं इंजेक्शन घ्यायला लावलं होतं. हे लक्षात ठेवा. माझ्या राहिलं नाही.

पोराच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, बायकांनी कुर्र केलं, आणि लगेच सोनारकाका सतरंजीवर मांडी ठोकून बसले. डबी उघडली. तार चमकली. मम्मींनी हाक मारली, "मामा, या की! मांडी घिऊन या!"

मी म्हटलं, "मावशी, आधी जरा आत चला. महत्त्वाचं बोलायचंय."

आतल्या खोलीत मी, मम्मी, पोराला घेतलेली बहीण आणि कोपऱ्यात आय. मी घसा साफ केला. "मावशी, आज कान नको. फॅक्टर आठचा रिपोर्ट अजून यायचाय."

"त्याचा हितं काय संबंद?" मम्मी म्हणाल्या. "आमी काय पोराला तिकडं न्हेतोय व्हय?"

"कुठे?"

"सेक्टर आठला!"

बाहेर कुणीतरी मठ्ठा मागत होतं.

"मी सुनंला दिवस गेल्यापास्नं त्या बाजूला फिरकू दिलं न्हाय," मम्मी छाती पुढे काढून म्हणाल्या. "घर घेत हुती पोरं तितं, मीच मोडता घातला. डाक्टरीण बदलली. तुमी तितलं पानी प्यालं आसंल ल्हानपनी, म्हनून तुमचं रगात बिघाडलं. आमचं पोरगं त्या शेक्टरातच गेलं न्हाय, तर त्याला कसं हुईल?"

बहिणीनं तोंडावर हात घेतला. मिक्सर! चटणीच्या मिक्सरमध्ये फॅक्टरचा सेक्टर झाला होता. आणि तो झाला यात मम्मींची काय चूक? आमच्या नवी मुंबईत माणूस जन्मतो सेक्टरमध्ये, जातो सेक्टरमध्ये, आणि वाशीला एक, कोपरखैरण्याला एक, ऐरोलीला एक, नेरूळला एक असे आठ नंबर किती आहेत ते पोस्टमनला माहीत. फॅक्टर कुणाच्या कानावर कधी पडतो? बाईनं दोन वर्षं एका सबंध सेक्टरशी वैर धरलं होतं. आम्ही ज्याला खूळ म्हणत होतो, ती त्यांची कबूल केलेली काळजी होती.

मला हसू फुटलं. बहिणीला फुटलं नाही. तिच्या लक्षात आलं, की दोन वर्षं जिला सगळं माहीत आहे असं ती धरून चालली होती, त्या बाईला आत्ता, पाहुणे जेवत असताना, हे पहिल्यांदा सांगायचंय. आणि सांगायचं काय, तर मम्मी, हे पाण्यातून येत नाही, माझ्यातून येतं.

मी सांगितलं. रक्त थांबवायला नंबरवार फॅक्टर एकापाठोपाठ एक कामाला लागतात आणि त्यातला आठवा माझ्यात नाही, ते सांगितलं. आईकडून मुलाला कसं येतं ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एक तिखट-मीठ न लावता बोललो. मम्मींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं सांगून? आता ह्यातलं खरं किती?"

"सगळं खरं आहे, मावशी!"

"मागं म्हनला, डास चावला की मरतोय. साकरपुड्याला म्हनला, तुमच्या रगतावर टँकर चालतोय. परवा हितं बसून सांगितलं का न्हाय, की डेंटिस्टानं दुकान बदाललं? तुमचं तोंड म्हंजी फुटकी घागर, मामा. त्यात भरलेलं खरं कुटं ऱ्हातंय?"

इतकी वर्षं मेहनतीनं उभी केलेली माझी कीर्ती माझ्याच छाताडावर येऊन बसली होती. बहीण पोराला घट्ट धरून माझ्याकडे बघत होती. दाराबाहेरून सोनारकाका खाकरले, "मुहूर्त जातोय बरं का."

तेव्हा मला ती अक्कल सुचली. म्हटलं, "काका, आत या. आधी माझा कान टोचा. मावशी, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा, रक्त कसं चालू राहतं ते. मग ठरवा."

"दादा, नको," बहीण म्हणाली.

"बघ तर!"

सोनारकाकांनी चष्मा पुसला, माझ्या कानाची पाळी चिमटीत धरून घासली आणि म्हणाले, "मामा, तुमचा कान म्हंजी लोणी हाय." सपकन तार गेली. झणझणलं. रक्ताचा एक टपोरा थेंब आला. मी मान वाकडी करून वाट बघत बसलो, आता येईल धार. मम्मी कमरेवर हात ठेवून उभ्या. दुसरा थेंब अर्धाच आला. तिसऱ्यानं यायचं मनावरच घेतलं नाही. काकांनी कापसानं टिपलं. कापूस पांढराच.

सकाळचं इंजेक्शन! आयनं बळंबळं घ्यायला लावलेलं! जन्मभर दगा देणारं रक्त त्या दिवशी एखाद्या आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखं हाताची घडी घालून उभं राहिलं.

"व्हय," मम्मी म्हणाल्या. "लई रगात गेलं. टँकर बोलवा आता." आणि त्यांनी नातवाला घ्यायला हात पुढे केले. "आन गं त्याला हिकडं."

"थांबा, मी सकाळी इंजेक्शन घेतलं होतं म्हणून..." मी म्हणेपर्यंत सोनारकाका पण हसायला लागले होते. आता मी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. बहिणीनं पोर छातीशी आवळलं, मागे सरली, भिंतीला टेकली. सासूला नाही म्हणायचं तिच्या तोंडून निघत नव्हतं आणि पोर हातातून सोडवत नव्हतं. दोन बायकांच्या मध्ये ते पोर मजेत जांभई देत होतं.

आय कोपऱ्यातून उठली. सरळ माझ्यापुढे येऊन खाली बसली आणि माझ्या नव्याकोऱ्या लेंग्याचा डावा पाय सर्रकन मांडीपर्यंत वर केला. चारचौघांत! सोनारासमोर! मी "आय!" म्हणून ओरडलो, पण तिनं माझा पाय खुंटीसारखा धरून ठेवला होता.

"विहीनबाय, यो बगा."

मम्मींनी बघितलं. माझा तो गुडघा मी सहसा कुणाला दाखवत नाही. उजव्याशेजारी ठेवला तर दोन्ही एकाच माणसाचे वाटत नाहीत. जाडजूड, वेडावाकडा, वर मांडी वाळक्या काठीएवढी.

"ते तर कबड्डीत..." मम्मी म्हणाल्या.

"कसली कबड्डी? यो कवा खेललाच नाय. यो रांगाया लागला तवाच गुरघा सुजाया लागला. पोर रातीचा रराचा, मी दिवसाची रराची. माजा भाव पन आसाच होता. त्याचा दात परला आन रगत थांबलाच नाय. तवा आमाला कोनी सांगनारा नव्हता." आय एवढं सलग बोलल्याचं मी त्याआधी ऐकलेलं नाही. मामाची ही गोष्टही मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, घरात त्याचा एक फोटो होता, एवढंच. "तो मी आनला माहेरशी. माजेकरशी माजे पोराला आला. पोरीकरं गेला का नाय, ते देवाला ठावं. तुमाला बोल लावाचा तं मना लावा. तिला नको."

मम्मी खाली बसल्या. त्यांनी माझ्या गुडघ्याला बोट लावलं नाही, नुसत्या बघत राहिल्या. मग हळूहळू म्हणाल्या, "म्हंजी टोळीगत हाय हे."

"कसली टोळी?" मी विचारलं.

"मार्केटात आमच्या ह्येंची टोळी असती न्हवं, ट्रक खाली कराया. गडी वळीनं हुबं ऱ्हात्यात, ह्यानं गोणी त्याच्या पाटीवं द्यायची, त्यानं फुडच्याच्या. मदला आठवा गडी आला न्हाय, की सात नंबरवाला गोणी घिऊन तसाच हुबा. फुडं दहा पैलवान असून उपेग न्हाय. तसंच ना?"

मी म्हटलं, "अगदी तसंच." मी स्वतः याहून चांगलं सांगितलं नव्हतं, आणि डॉक्टरांनी तर नाहीच नाही.

"आन तुमी सकाळी आठवा गडी रोजावर आनला हुता, म्हनून कान थांबला."

"हो, मावशी."

त्या बहिणीकडे वळल्या. "तुला ठावं हुतं?"

"मी सांगितलं होतं, मम्मी. फॅक्टर आठ. तुम्ही चटणी वाटत होता." बहीण म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला सगळं माहितीये."

बाहेर जिलेबी संपल्याची ओरड झाली, जावयानं आत डोकावून आईचं तोंड बघितलं आणि तसाच मागे गेला. मग मम्मी उठल्या, पदर खोचला आणि सोनारकाकांना म्हणाल्या, "डबी मिटा. बिदागी मिळंल. हितं जे बगितलं ते तोंडातनं भाईर काडलंत, तर तुमच्या तोंडात तार घालीन मी."

आणि पुढच्या खोलीत गेल्या. मी लंगडत मागोमाग. साताऱ्याच्या थोरल्या जाऊबाई वाटच बघत होत्या. "काय गं, कान न्हाय टोचलं? मुहूर्त गेला की!"

आमच्या मम्मी, ज्या जन्मात कधी खोटं बोलल्या नसतील, त्यांनी मोठा श्वास घेतला. "टोचायचंच न्हाईत. काल कुलस्वामी सपनात आला हुता, घोड्यावनं. म्हनला, ह्या पोराच्या अंगाला सुई, तार, लोखंड, सोनं, कायबी लावायचं न्हाय, ह्यो माजा हाय. मी म्हनलं, देवा, पावनं काय म्हनतील? तर म्हनला, पावन्यांना सांग, ज्याला इचारायचंय त्यानं माज्या सपनात यावं. आन मग म्हनला, च्या टाक."

"द्येव?" जाऊबाईंचा घास हातातच राहिला. "च्या प्याला?"

"बशीतनं."

मी इतकी वर्षं थापा मारतोय, पण देवाला बशीतून चहा पाजायची छाती माझी नाही. मी भिंतीला टेकून मनोमन त्यांच्या पाया पडलो. जाऊबाईंनी लगेच कान धरले, मग शेजारणीला सांगितलं, आणि जेवणं उरकेपर्यंत घोडा पांढरा झाला होता आणि देवानं दोन कप घेतले होते. सुनेला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट दोघीतिघींनी पाळण्याला नमस्कार केला. माझ्या कानातली तार तेवढी कुणी काढली नाही. पुढे कंपनीत सांगायला मला त्यावर वेगळी गोष्ट रचावी लागली.

रिपोर्ट आला. आठवा गडी भाच्याच्या टोळीतही नव्हता.

बहिणीनं मला फोन करून ते दोन शब्दांत सांगितलं आणि ठेवून दिला. मी स्टोअरमध्ये ड्रमांच्या रांगेत बसलो होतो, तिथेच जरा वेळ बसून राहिलो. विनोद सुचेना, ही माझ्यासाठी मोठी गंभीर अवस्था. मग डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आता लवकर सुरू करू, तुमच्या वेळेसारखं राहिलेलं नाही, त्याचा गुडघा तुमच्यासारखा व्हायचं कारण नाही. हे मी दोनदा वदवून घेतलं.

त्या रविवारी मम्मी आमच्याकडे आल्या. पिशवीतून त्यांनी दोन चपटे गठ्ठे काढले. जुन्या गोधडीचे तुकडे, आत मऊ लुगडं, कडेनं घट्ट टाके, वर बंद. एवढे छोटे, की मला वाटलं बाहुलीच्या उशा आहेत. "रांगाया लागंल तवा गुडघ्याला बांदायचं," म्हणाल्या. पाळण्यातलं पोर अजून मानसुद्धा धरत नव्हतं.

मग त्या आयच्या पुढ्यात फतकल मारून बसल्या. "इहीनबाई, मला एक सांगा. आतल्या आत रगात उतारलं, तर पोरगं सांगनार न्हाय. ते रडंल. भुकंचं रडनं आन ह्ये रडनं, वळकायचं कसं?"

आयनं विचार केला. "ररन्यावं जाव नको. पायावं बग. भुक्याला पोर दोनी पाय झारतो. यो एक पाय झारील नाय. धरून ठेवील." मग ती माझ्याकडे वळली. "बाला, लेंगा वर कर."

मी मुकाट्यानं केला. कदाचित पहिल्यांदाच स्वतः केला असेल.

"हात उलटा ठेव. पंजा नाय, हाताची पाठ. आदी या गुरघ्याला, मंग त्या गुरघ्याला. रगत असला तं ऊन लागतंय." मम्मींनी जाडसर हाताची पाठ माझ्या एका गुडघ्यावर ठेवली, मग दुसऱ्यावर, मग परत पहिल्यावर. आयनं त्यांचा हात धरून सांध्याच्या बाजूला कुठे भरीव लागतं, कुठे पोकळ, ते दाखवलं. दोघींची डोकी माझ्या पायावर एकत्र आली होती, बाजारात कलिंगड निवडतात तशा दाबून, टिचक्या मारून बघत होत्या.

"आत्ता गार हाय न्हवं?" मम्मींनी विचारलं.

"गार हाय."

मला वाटलं, इथे आपण काहीतरी बोललं पाहिजे. गुडघा एवढा तापायचा, की आय त्यावर भाकरी भाजायची, असं काहीतरी. मी तोंड उघडलं.

"गप ऱ्हा," दोघी एकदम म्हणाल्या.